जन्मात एकदाच तुरा

(ऊस विकास विभागाकडून)



बॉयलर पेटला, मोळी टाकायचा दिवस तोंडावर आला आणि शिवारात उसाला तुरे दिसू लागले. दरवर्षी या दिवसांत गट ऑफिसात एकच तक्रार ऐकू येते, "साहेब, आमच्या उसाला तुरा आलाय, तोड लवकर द्या." म्हणून संपादक मंडळींनी याही अंकासाठी आम्हाला तुऱ्याच्या उसाविषयी लिहायला सांगितले. त्याबद्दल सांगायचे ते दोन वाक्यांत सांगून टाकतो. तुरा येणे ही दिवसाची लांबी, रात्रीचे तापमान आणि जमिनीतली ओल यांची करणी आहे, कुणाची नजर लागलेली नसते. तुरा दिसला म्हणून उसाची लगेच माती होत नाही, साधारण दीड-दोन महिने साखर टिकते, त्यानंतर मात्र पांगशा फुटतात, कांडी पोकळ पडते आणि वजन घटते. तेव्हा पाळी सोडून चिटबॉयच्या मागे लागण्याचे कारण नाही.

आज लिहायचे आहे ते दुसऱ्याच एका तुऱ्याविषयी. हा तुरा उसाचा नव्हे. तो आम्ही महाड तालुक्यात नाते या गावी पाहिला आणि त्यानंतर दोन वर्षे तो डोक्यातून गेलेला नाही.

नाते हे आमच्या घरच्या मंडळींचे माहेर. आपल्या बाजूने महाबळेश्वर चढून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, पुढे महाड, आणि महाडहून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की गांधारी नदीच्या खोऱ्यात हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १८९६ साली इथेच जन्मले. पीककर्जाच्या व्याजावरून काही बोलणे निघाले की आम्ही मेहुण्याला म्हणतो, "तुमच्या गावचा माणूस होता, तुम्हीच सांगा." असो. आपला ऊस पाटाच्या नि विहिरीच्या पाण्यावर जगतो. तिथे चार महिने पाऊस नको म्हणायची पाळी येते आणि शिमगा झाला की विहिरीचा तळ दिसतो. जमीन तांबडी, डोंगर उताराची. अशा ठिकाणी आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, घरामागे बारा गुंठ्यांची वाडी आहे.

मामा लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा इतरांसारखेच गावी आले, ते परत गेलेच नाहीत. पण झाडाची गोष्ट त्याआधीची, १९७९ सालची. त्या साली आमच्या मंडळींचा जन्म झाला. (वय उघड केल्याबद्दल घरी जाब द्यावा लागेल, पण हिशोब चुकवता येत नाही.) पोरीला नजर लागू नये म्हणून मामांच्या आईने बजरबट्टूची माळ आणवली. बजरबट्टू आपल्याकडेही जुन्या घरांतून असतो. काळसर, गोल, दगडासारखा कठीण मणी. तो कसला मणी आहे याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो श्रीताड नावाच्या पामाची बी. मामांनी मात्र विचार केला आणि माळेतले चार मणी काढून कुंडीत पुरले. भोक पाडून घासलेला मणी तो! पाऊस गेला, थंडी गेली, काही उगवले नाही. गिरणीत त्यांच्या शेजारच्या साच्यावर कारवारकडचा एक गडी होता. त्याला हे कळल्यावर तो पोट धरून हसला आणि सुट्टीवरून येताना ताज्या बियांची पुरचुंडी घेऊन आला. उत्तर कानड्याच्या रानात ही झाडे आपोआप वाढतात. त्या बियांतली तीन रोपे झाली. एक गुरांनी खाल्ले, एक मेले, एक राहिले.

राहिले म्हणजे काय, तर दहा-बारा वर्षे नुसती जमिनीतून पाने येत होती. ताडासारखी पंख्याची पाने, पण एकेक पान एवढे की त्याखाली पाच-सहा माणसे पावसात उभी राहावीत. खोडाचा पत्ता नाही. गावातली मंडळी विचारीत, "हे झाड आहे की छप्पर?" त्यात मामांची काही चूक नव्हती. पाम जातीचे झाड आधी जमिनीत आपल्या खोडाची जाडी पुरी करते आणि मग तेवढ्याच जाडीने वर चढते. आंबा-फणसासारखे त्याचे खोड वर्षा-वर्षाने पोसत नाही. ऊस आणि पाम दोघेही एकदल, त्यामुळे हे आपल्या लोकांना समजायला जड नाही. फरक एवढाच की उसाच्या प्रत्येक कांडीला डोळा असतो आणि शेंडा मोडला तरी डोळे फुटतात. अशा पामाला शेंड्याचा एकच कोंब. तो गेला की झाड गेले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीला, आम्ही नात्याला गेलो तेव्हा मामा अंगणात खुर्ची टाकून वर बघत बसले होते. झाड तोपर्यंत पन्नासेक फूट उंच झालेले. नवे पान यायचे त्या जागी भाल्यासारखा एक कोंब आला होता. संक्रांतीपर्यंत त्याचा अठरा-वीस फुटांचा तुरा झाला, फांद्याफांद्यांचा, पिवळट पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेला. वनस्पतींच्या जगात याहून मोठा फुलोरा नाही. एका झाडावर लाखांनी फुले असतात. सकाळी मधमाश्यांचा आवाज ओटीवर ऐकू यायचा. रायगडाला जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या, लोक फोटो काढू लागले, आणि मामी प्रत्येकाला पाणी देऊन देऊन कावल्या.

मामा मात्र गप्प होते. त्यांना ठाऊक होते की श्रीताड साधारण तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतो आणि फळे पिकली की मरतो. खोडात जन्मभर साठवलेले पिठूळ सत्त्व सगळेच्या सगळे त्या एका तुऱ्यात आणि फळांत ओततो. आपल्या भाषेत बोलायचे तर या झाडाला खोडवा नाही.

या झाडाच्या निमित्ताने मामांना पामांचा नाद लागला. नोकरी सुटलेला माणूस, हातात वेळ आणि बारा गुंठे. त्यांच्या वाडीतल्या पऱ्याकाठी भेर्ली माड आहेत. हे झाड आपल्याकडे लग्नाच्या मांडवात दिसते, म्हणजे त्याची माशाच्या शेपटीसारखी पाने दिसतात. कोकणातल्या डोंगरातून ते पूर्वी मुबलक होते, पाने आणि माडी यांच्यापायी कमी होत चालले. याचीही तऱ्हा न्यारी. पहिला घोस शेंड्याजवळ येतो, मग दरवर्षी खाली खाली, आणि शेवटचा घोस खालच्या पेऱ्यावर आला की झाड संपते. श्रीलंकेत याच झाडाच्या रसाचा गूळ करतात, त्याला कितुल म्हणतात. साखर कारखान्याच्या पत्रिकेत दुसऱ्याच्या गुळाची जाहिरात करणे बरे नव्हे, पण चव चांगली असते असे खाल्लेली माणसे सांगतात. याची पिकलेली फळे उघड्या हाताने मात्र चोळू नयेत. गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि हातांना अशी खाज सुटते की खाजकुयली परवडली. आमचा अनुभव आहे, दोन दिवस लेखणी धरता आली नाही.

कुंपणाकडेला एक ओक माड आहे. त्याला रावणताडही म्हणतात, कारण खोडाला दोन, दोनाचे चार असे फाटे फुटतात. रायगडच्या किनाऱ्याला अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला आणि वर दीव-सौराष्ट्राकडे याचा मुलूख. नर झाड वेगळे, मादी वेगळी. मामांचे कोणते निघेल ते फुलल्यावर कळेल, आणि ते बघायला आपण असू की नाही याची ते थट्टा करतात.

परदेशी झाडांपैकी दोनच सांगतो. एक लाल खोडाचा पाम, मलाया-सुमात्राच्या दलदलीतला. त्याचे देठ शेंदूर फासल्यासारखे लाल असतात. मामांनी तो न्हाणीच्या सांडपाण्यावर लावला आणि तो पठ्ठा खूश आहे. आम्ही त्याचाच एक फुटवा आणून आपल्या कॉलनीत लावला, तर पहिल्याच एप्रिलच्या झळांनी करपून गेला. त्याला कोरडी हवाही सोसत नाही आणि आपल्या विहिरीचे जड पाणीही.

दुसरा खरा बॉटल पाम. कारखान्याच्या गेटपासून ऑफिसपर्यंत दुतर्फा जी उंच झाडे आहेत त्यांना आपण सगळे बॉटल पाम म्हणतो, पण ती रॉयल पाम, क्यूबा बाजूची. खरा बॉटल पाम ठेंगू, बुंध्याशी सुरईसारखा फुगीर, आणि मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या एका लहानशा बेटावरचा. त्या बेटावर कुणीतरी शेळ्या आणि ससे सोडले, त्यांनी कोवळी रोपे कुरतडून टाकली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाडे उरली. शेळ्या १९७९ च्या सुमारास आणि ससे १९८६ साली बेटावरून काढले, तेव्हा कुठे रोपे पुन्हा धरू लागली. मॉरिशस हा तर उसाचा देश. १८३४ पासून आपल्या देशातून लाखो मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून राहतात. त्याच बेटावर क्युरपीप गावच्या बागेत एका जातीच्या पामाचे एकच झाड उभे आहे. साऱ्या जगात एकच! त्याची नर फुले आणि मादी फुले वेगवेगळ्या वेळी उमलतात, म्हणून बी धरणे मुश्कील, आणि शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत खटपट केली तरी त्याला अजून जोडीदार मिळालेला नाही. हे मामांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

(गोसाव्यांच्या हातातला काळा कमंडलू ज्या दर्याच्या नारळाचा असतो तो सेशेल्स बेटांवरचा पाम. कोलकात्याजवळ शिबपूरच्या सरकारी बागेत १८९४ साली लावलेले त्याचे झाड प्रसिद्ध आहे. मामांना तोही हवा होता. काही हौशी फुकट गेलेल्याच बऱ्या.)

आता ज्यांना घराजवळ असले एखादे झाड लावायचे आहे त्यांच्यासाठी कामाचे. पामाची बी वाळवून ठेवू नये, बहुतेक जातींची बी सुकली की मरते. गर काढून ओल्या काथ्याच्या भुश्शात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, उबेच्या जागी ठेवावी. खताच्या खड्ड्याची कड चांगली. घाई करू नये. काही बिया दोन महिन्यांत उगवतात, काहींना वर्ष लागते. श्रीताड, ताड, ओक माड यांचा कोंब वर येण्याआधी फूट-दीड फूट खाली जातो, तेव्हा त्यांना उभट, खोल पिशवी हवी, नाहीतर सरळ जागेवरच लावावे. लहानपणी सावली द्यावी. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत नवे पान पिवळे पडले तर घाबरू नये. खोडव्यावर केवडा पडतो ना, तीच लोहाची कमतरता. हिराकस शेणखतात मुरवून द्यावे. जुने पान पिवळे पडत असेल तर ते पालाश किंवा मॅग्नेशियमचे दुखणे. आणि हिरवे पान शोभेसाठी कधीही छाटू नये. दिवाळीआधी झाडांची हजामत करणाऱ्या सर्व संस्थांनी, त्यांत आमचीही आली, हे ध्यानात घ्यावे.

शत्रू दोन. गेंड्या भुंगा कोंब पोखरतो, मग पान उलगडले की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी दिसते. सोंड्या भुंगा त्याहून वाईट, तो खोडावरच्या जखमेत अंडी घालतो आणि झाड आतून खातो, म्हणून खोडाला खिळा मारू नये, तार आवळू नये, दिव्यांची माळ ठोकू नये. गेंड्या भुंग्याची अळी कुजणाऱ्या खतात वाढते आणि दिसायला आपल्या हुमणीचीच बहीण. तेव्हा प्रेसमडचा ढीग वर्षभर तसाच पडू देणाऱ्यांनी तो परतावा आणि हुमणीसाठी आपण जी मेटारायझियम बुरशी वापरतो तीच त्यात मिसळावी. पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू भरणे हा जुना उपाय अजूनही चांगला.

रोप घेताना डोळे उघडे ठेवावेत. आम्ही २०१८ साली एका नर्सरीतून श्रीताडाचे म्हणून रोप आणले, चांगले पैसे मोजले, शेणखत घातले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याची महती सांगितली. तीन वर्षांनी मामांना फोटो दाखवला. मामा म्हणाले, "जावईबापू, पानाची टोकं चिरून खाली लोंबतायत ना? मग हा चायना पाम. छान वाढवलाय." पदविकाधारक माणसाला सातवी शिकलेल्या गिरणी कामगाराने असे शिकवले. तो चायना पाम अजून आमच्या दारात आहे.

ही वाडी सुखासुखी उभी राहिली असे नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्याला लागले आणि रायगड जिल्ह्यातल्या नारळी-पोफळींची वाताहत झाली. मामांच्या साठ पोफळींपैकी पस्तीस मधोमध मोडल्या. श्रीताडाची पाने चिंध्या झाली पण बुंधा हलला नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, महाड पाण्याखाली गेले. त्याच पावसात २२ जुलैला तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. नात्याला गांधारीचे पाणी वाडीत शिरले, रोपांच्या पिशव्या वाहून गेल्या, गुडघाभर गाळ बसला. मामींचे नातलग तळीयेच्या बाजूचे. ते वाचले, पण त्या घरात कितीतरी महिने कुणी झाडांचे नाव काढले नाही. मग एके दिवशी मामांनी फावडे घेऊन श्रीताडाच्या बुडातला गाळ काढायला सुरुवात केली. मामी म्हणाल्या, "आधी विहीर साफ करा." दोन्ही झाले.

यंदा, २०२५ च्या फेब्रुवारीत, फळे गळू लागली. सुपारीहून जरा मोठी, हिरवट, एकेका फळात एकेक बी. किती म्हणून सांगावे! पोती भरली. पाने एकेक करून वाळली आणि खाली लोंबली. प्रश्न आता पुढे आला. झाड घरापासून बारा हातांवर, कौले मंगलोरी. मेलेला पाम आतून कुजतो आणि कधी पडेल याचा नेम नसतो. पाऊस येण्याआधी पाडायलाच हवे होते. आमचा मेहुणा ठाण्याला नोकरीला असतो. तो आला आणि म्हणाला, "पाडतोच आहोत तर पुढचाही विचार करू. रायगडाच्या रस्त्याला जागेला भाव आहे. बाबांच्या मागे इथे पाणी कोण घालणार?" प्रश्न कडू होता पण खोटा नव्हता. आमच्या मंडळी ताडकन उठून आत गेल्या. त्यांच्याच वयाचे झाड ते. आम्ही जावई, आम्ही ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचले. मामा एवढेच म्हणाले, "बिया कुणाकुणाला द्यायच्या ते आधी ठरवा. जागेचं नंतर."

मे महिन्यात झाड पाडले. मेलेल्या खोडावर चढायला कुणी गडी तयार होईना, बरोबरच आहे. दोर टाकून, वाडीच्या बाजूला ओढून, बुंध्यातून कापले. आत लाकूड नव्हतेच म्हणा, बाहेरचा कठीण पापुद्रा आणि आत ओला काथ्या. मामांनी चार फूट बुंधा राखून ठेवायला सांगितला. जागेचा विषय अजून तसाच आहे. गणपतीला मेहुणा आला होता, बाप-लेक आरतीला शेजारी उभे होते, बोलणे झाले नाही. पण जाताना तो पाच-सहा बिया खिशात घालून गेला, हे आमच्या मंडळींनी पाहिले.

आम्ही शंभर बिया आणल्या होत्या. मार्चमध्ये पिशव्यांत घातल्या, भाद्रपदात कोंब दिसू लागले, आजपर्यंत एकेचाळीस उगवल्या आहेत. त्यातली दोन रोपे कारखान्याच्या अतिथिगृहामागे ओढ्याच्या काठी लावायला कार्यकारी संचालकांनी होकार दिला. बाकीची सभासदांसाठी आहेत, पैसे नाहीत. मात्र घरापासून, विजेच्या तारेपासून चाळीस फूट मोकळी जागा आणि उन्हाळ्यात आठवड्याला पाणी असेल त्यांनीच न्यावीत. बांधावर लावू नयेत, पुढे भाऊबंदकीत झाड सापडते. फुलायला लागेल तेव्हा आम्ही सेवेत नसू. नेणाऱ्याने नाव, गाव आणि लावल्याची तारीख नोंदवहीत लिहावी, तेवढे पुरे.

पिशव्या गट ऑफिसच्या मागे नळाजवळ सावलीत ठेवल्या आहेत. मोळी पडल्यावर आम्ही फडात असू, तेव्हा ऑफिसातल्या शिपायाला विचारावे. पिशवी उचलताना खालून हात द्यावा, कोंब खोल गेलेला आहे.